सौम्यांचे वतन

कामगार चळवळीत तीस वर्षे घालविलेल्या माणसाने सौम्यतेवर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आमच्या व्यवहारात हा शब्द फारशा चांगल्या अर्थाने येत नाही. मागणीपत्र दिले की मालक म्हणतात, जरा सौम्यपणाने घ्या. संप जाहीर केला की गावातली शहाणी माणसे म्हणतात, भाषा सौम्य ठेवा. आणि बारा तास राबून ज्याच्या हाती आठ तासांचाच पगार पडतो त्या कंत्राटी कामगाराला तर कोणी ना कोणी रोज सांगतच असते की, बाबा रे, नम्रतेने राहा, देव पाहतो आहे. म्हणून सौम्यतेचा उपदेश कानावर आला की आम्ही प्रथम एवढेच विचारतो : सांगतो कोण, आणि कोणाला?

हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेतील मळ्यांवर काळ्या गुलामांपुढे जे धर्मोपदेशक उभे राहत, त्यांना बायबलातील पौलाच्या पत्रांतला दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे असा उपदेश विशेष प्रिय असे. त्याच बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचन आहे. तेथे येशू ख्रिस्ताने सौम्य माणसांना धन्य म्हटले आहे आणि पृथ्वीचा वारसा त्यांचा आहे असे आश्वासन दिले आहे. मराठी बायबलात या वारशासाठी ‘वतन’ हा शब्द योजिला आहे. वतन म्हणजे काय हे महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. पाटलाचे वतन होते, कुलकर्ण्याचे वतन होते. आणि ज्याच्या पायी एक अख्खी जात रात्रंदिवस गावाच्या व सरकारच्या राबणुकीला बांधली गेली, ते महारवतनही होते. त्या वतनाच्या कायद्यात बदल व्हावा म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. पण कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. तेव्हा सौम्यांना वतन मिळेल म्हणजे नेमके काय मिळेल, असे आमच्यासारख्याने विचारले तर त्यात उद्धटपणा मानू नये.

आम्ही ख्रिस्ती नाही. धर्मशास्त्राचे पंडित तर नाहीच नाही. आठवीनंतर आमची शाळा सुटली आणि पुढचे शिक्षण नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे वचनाचा अर्थ वचनातून काढण्यापेक्षा, तो कोणा माणसाच्या वागण्यात उतरला आहे काय हे पाहणे आम्हांला सोपे जाते. असा एक माणूस आम्हांला इतिहासात भेटला. तो धंद्याने शिंपी होता. त्याचे नाव जॉन वुलमन.

आता या दूरदेशच्या शिंप्याशी आपला संबंध काय? जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो त्यांनी अर्पण केला अमेरिकेतील भल्या लोकांना, ज्यांनी निग्रो गुलामांच्या सुटकेसाठी स्वार्थ बाजूला ठेवून कष्ट सोसले होते. त्या लोकांची परंपरा मागे मागे शोधीत गेले तर अगदी आरंभीच्या माणसांत हा वुलमन उभा दिसतो. जोतीरावांनी ज्यांना आपले म्हटले त्यांची ओळख करून घेणे हे आपले घरचेच काम आहे.

वुलमनकडे जाण्यापूर्वी मूळ शब्दाकडे एकदा पाहू. शुभवर्तमानाच्या ग्रीक भाषेत येथे ‘प्राउस’ हा शब्द आहे. माणसाळलेल्या, लगामाला आलेल्या घोड्यालाही ग्रीक लोक हा शब्द लावीत. घोडा लगामाला आला म्हणजे त्याची ताकद गेली असे कोणी म्हणत नाही. ती ताब्यात आली असे म्हणतात. शिवाय हे वचन ख्रिस्ताने नवीन काढलेले नव्हे. यहुदी लोकांच्या सदतिसाव्या स्तोत्रात ते आधीपासून आहे, आणि तेथील हिब्रू शब्दाला दीन, पिचलेला अशी अर्थच्छटा आहे. त्याच परंपरेने पृथ्वीवरील सर्वांत सौम्य माणूस म्हणून कोणाला गौरविले आहे? मोशेला. म्हणजे ज्याने मिसरच्या राजापुढे उभे राहून, विटा पाडणाऱ्या वेठबिगारांची सगळी जमात मोकळी करून मागितली त्याला. स्वतःला सौम्य म्हणविणाऱ्या ख्रिस्तानेही मंदिरातल्या सराफांची चौरंगे उलथून टाकली होती. एवंच, सौम्यता म्हणजे मान खाली घालणे नव्हे, इतके तरी या शब्दाच्या घराण्यावरून दिसते. मग ती आहे तरी काय?

वुलमनचा जन्म १७२० सालचा, न्यू जर्सी वसाहतीतील रँकोकस नदीकाठच्या एका शेतकरी घरातला. अमेरिका तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होती. घराणे क्वेकर पंथाचे. हा पंथ इंग्लंडात सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्सच्या उपदेशातून निघाला. त्यांच्यात पगारी पुरोहित नाही. उपासनेला सारे जण मुकाट बसतात, आणि ज्याला आतून प्रेरणा होईल तो उठून चार शब्द बोलतो. इंग्रजीत त्या काळी थोरामोठ्यांना आदराने अनेकवचन लावीत आणि नोकरचाकरांना एकवचन. आपल्याकडचे अहो-जाहो आणि अरे-तुरे म्हणा ना. क्वेकरांनी सगळ्यांना एकच एकवचन लावले, मग तो सरदार असो की मोळीविक्या. न्यायाधीशापुढेही ते टोपी काढीत नसत. यापायी त्यांनी तुरुंग भोगले. पण उर्मटपणा करावा हा त्यांचा हेतू नव्हता. सर्वांना एकाच मापाने मोजावे, इतकाच होता.

आता गंमत पाहा. सगळ्यांना एकवचन लावणारी हीच मंडळी अमेरिकेत जाऊन सुखवस्तू झाली, आणि त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी काळे गुलाम राबू लागले. फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउन गावच्या चौघांनी १६८८ सालीच लेखी निषेध नोंदविला होता. तो खालच्या सभेने वरच्या सभेकडे पाठविला, वरच्या सभेने आणखी वर पाठविला, आणि सर्वांत वरच्या वार्षिक सभेने विषय फार जड आहे असे ठरवून तो बाजूला ठेवला. ज्यांनी आपले अर्ज कचेऱ्यांतून असे वरवर चढत जाऊन नाहीसे होताना पाहिले आहेत, त्यांना याचे विशेष वाटणार नाही.

वयाच्या एकविसाव्या वर्षी वुलमन घरची शेती सोडून माउंट हॉली गावी एका दुकानदाराकडे हिशेब-ठिशेब पाहण्यास राहिला. थोड्याच दिवसांत प्रसंग आला. मालकाने आपली निग्रो बाई विकली होती. गिऱ्हाईक दारात उभे होते. मालक म्हणाला, विक्रीखत लिही. नोकरी वर्षाच्या कराराची, सांगणारा मालक, विकत घेणारा आपल्याच पंथातला एक वयस्क गृहस्थ. वुलमनने खत लिहिले. पण लिहून झाल्यावर मालक आणि गिऱ्हाईक दोघांच्या तोंडावर त्याने सांगितले की, माणूस गुलाम म्हणून बाळगणे हे ख्रिस्ती धर्माशी जुळत नाही असे मला वाटते. तेवढ्याने त्याच्या मनाची टोचणी गेली नाही. पुढे एका तरुणाने असाच कागद लिहावयास सांगितला, तेव्हा त्याने साफ नकार दिला.

हा नकार तो कसा देत असे, तेच आमच्या दृष्टीने या चरित्रातले मुख्य आहे. गावात लिहिणारे हात थोडे, म्हणून लोक मृत्युपत्रे त्याच्याकडून लिहून घेत. एक प्रतिष्ठित म्हातारा आला. त्याच्या घरी कोवळ्या वयाचे गुलाम होते. वुलमनने त्याला एका बाजूला घेऊन विचारले, यांची व्यवस्था काय करणार? म्हाताऱ्याने आपला बेत सांगितला. वुलमन म्हणाला की, हे लिहिले तर माझ्या मनाची शांती मोडेल. म्हातारा रागावला नाही. त्याने दुसऱ्याकडून लिहून घेतले. काही वर्षांनी तो पुन्हा आला. ज्या मुलाच्या नावे गुलाम करावयाचे होते तो पूर्वी उधळ्या होता, आता सुधारला होता. तेव्हा आता लिहावयास हरकत नसावी, असा त्याचा समज. दोघांचे पुष्कळ वेळ स्नेहाने बोलणे झाले आणि काम तहकूब राहिले. चार दिवसांनी म्हातारा आला तो गुलामांना मोकळे करावे असे सांगतच. मग वुलमनने मृत्युपत्र लिहिले.

दुसरा एक शेजारी अपघाताने जखमी होऊन अंथरुणाला खिळला होता. त्याने मृत्युपत्राचा मजकूर सांगितला. त्यात एक गुलाम मुलगी अमक्या वारसाला द्यावी असे होते. वुलमनने घरी जाऊन सगळे लिहिले, तेवढे एक कलम वगळून. मग कागद घेऊन तो रोग्याच्या उशाशी गेला, वाचून दाखविला आणि म्हणाला की, माणसाला गुलाम करणारा कागद मी लिहू शकत नाही. जेवढे लिहिले आहे त्याची मजुरी मला नको. उरलेले तुम्ही दुसऱ्याकडून लिहून घ्या. दोघांचे बोलणे झाले. शेवटी त्या मुलीला मुक्त करावे असे ठरले, आणि कागद पुरा झाला.

या दोन हकीगतींत तीन गोष्टी दिसतात. पहिली, तो समोरच्याला पापी म्हणत नाही. माझ्याने हे होणार नाही, एवढेच म्हणतो. दुसरी, नकाराचे नुकसान तो स्वतःच्या अंगावर घेतो. मजुरी सोडतो, गिऱ्हाईक सोडतो, प्रतिष्ठित शेजाऱ्याची नाराजी पत्करतो. आणि तिसरी, नकारानंतर तो उठून जात नाही. उशाशी बसून राहतो. तिन्ही मिळून जे होते त्याला आम्ही सौम्यता म्हणतो. तीनपैकी एक जरी काढले तरी तिचे रूप बदलते. नकार काढला तर ती लाचारी होते, झीज काढली तर नुसता शिष्टाचार उरतो, आणि बसून राहणे काढले तर कोरडा सोवळेपणा शिल्लक राहतो.

आमच्या पाहण्यातली एक साधी गोष्ट सांगतो. एका कारखान्यात हजेरी-कारकुनाला वरून हुकूम झाला की, जादा कामाचे तास पत्रकातून कमी करून टाक. कारकून पापभीरू, चार माणसांत कधी आवाज न चढविणारा. तो म्हणाला, “साहेब, आपण सांगाल ते दुसरे कोणतेही काम करतो, एवढे मात्र माझ्या हातून होणार नाही.” त्याची बदली गोदामात झाली. आमच्या द्वारसभेत त्याच्या नावाचा जयजयकार झाला नाही, कारण त्याने कोणाला सांगितलेच नव्हते. पण पुढे वाटाघाटींत जादा तासांचा विषय निघाला तेव्हा इतर पत्रकांवर वाद घालणाऱ्या त्याच अधिकाऱ्याने या माणसाच्या पत्रकांवर शंका घेतली नाही. आम्ही वीस सभांत ओरडून जे पटवू शकलो नव्हतो ते त्या कारकुनाच्या पत्रकांनी पटविले. आमच्या ओरडण्याचीही गरज होतीच, आणि तिच्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

वुलमनने पुढे स्वतःचे दुकान काढले. ते चांगले चालू लागले, इतके की त्याला भीती वाटू लागली. गावकरी ऐपतीबाहेरच्या चैनीच्या वस्तू उधारीवर नेतात, मग कर्जात बुडतात, मग कोर्टकचेरी होते, हे तो पाहत होता. म्हणून १७५६ च्या सुमारास त्याने किरकोळ विक्री बंद केली आणि शिवणकाम व सफरचंदाची बाग यांवर निर्वाह ठेवला. वाढता धंदा आपण होऊन कमी करणारा दुकानदार आम्ही तरी दुसरा पाहिलेला नाही. पुढे गरिबांची बाजू मांडणारा एक निबंध त्याने लिहिला. तो त्याच्या मरणानंतर १७९३ साली छापला गेला. श्रीमंतांच्या चैनीसाठी लागणारा जादा माल शेवटी कोणाच्या तरी जादा श्रमांतून येतो, आणि बैल व मजूर दोघेही ताकदीबाहेर राबविले जातात, हा त्याचा मुद्दा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील फेबियन समाजवाद्यांनी हा निबंध आपल्या पुस्तिकांच्या मालेत पुन्हा छापला. शंभर वर्षांपूर्वीच्या या धर्मभोळ्या शिंप्याचे लिखाण समाजवाद्यांना आपले वाटले, यात आम्हांला तरी काही विसंगत दिसत नाही.

१७४६ साली तो मेरीलँड, व्हर्जिनिया, कॅरोलायना या दक्षिणेच्या प्रांतांत सुमारे तीन महिने हिंडला. तेथल्या क्वेकर मळेवाल्यांच्या घरी त्याचा मुक्काम असे. गुलामगिरीने गुलामांचे जे होते ते त्याने पाहिलेच, पण मालकांच्या मुलाबाळांना ती कशी आळशी आणि निर्दय बनविते हेही पाहिले. परत आल्यावर त्याने निबंध लिहिला. तो छापला गेला १७५४ साली. १७५७ साली तो पुन्हा दक्षिणेत गेला, तेव्हा एक अडचण त्याच्या मनात बोचू लागली. मळेवाला पाहुणचाराचे पैसे घेत नाही. पण ते जेवण, ते अंथरूण गुलामाच्या फुकट श्रमातले. फुकट जेवणे म्हणजे त्या चोरीत वाटेकरी होणे. म्हणून त्याने चांदीची बारीक नाणी बरोबर ठेवली. निघताना तो यजमानाला एकीकडे घेऊन म्हणे की, ही तुमच्या चाकरांना द्या. किंवा स्वतःच त्यांच्या हातावर ठेवी. यजमान अवघडून जात. देणाऱ्यालाही ते सोपे वाटत नसे, असे त्याने आपल्या रोजनिशीत नमूद केले आहे. दिवाणखान्यात बसून चार व्याख्याने दिली असती तर ती विसरली गेली असती; ते चांदीचे नाणे कोणी विसरू शकत नव्हते. मजुरी देणे बाकी आहे, एवढेच ते नाणे सांगत होते.

आता ओरडण्याच्या गरजेविषयी. वुलमनच्या आधी त्याच पंथात बेंजामिन ले नावाचा माणूस होऊन गेला. उंचीने जेमतेम चार फूट, पाठीला कुबड. पूर्वी दर्यावर्दी होता आणि बार्बाडोस बेटावर त्याने गुलामांचे हाल डोळ्यांनी पाहिले होते. १७३८ साली बर्लिंग्टन येथे क्वेकरांच्या वार्षिक सभेत तो लांब झगा घालून आला. झगा दूर सारला तो आत लष्करी पोशाख आणि तलवार! हातात एक पोकळ केलेले पुस्तक होते. त्यात तांबड्या फळांच्या रसाने भरलेली पिशवी लपविलेली. गुलाम बाळगणाऱ्यांचे रक्त देव असेच सांडील, अशा अर्थाचे काही बोलून त्याने पुस्तकात तलवार खुपसली. आसपासच्या मंडळींच्या अंगावर तांबडे शिंतोडे उडाले. त्याला उचलून बाहेर घालविण्यात आले. पंथाने तर त्याला केव्हाच दूर केले होते.

ले आणि वुलमन यांतला कोण बरोबर? हा आमच्या चळवळीतला जुना वाद आहे. प्रत्येक संघटनेत एक ले असतो आणि एक वुलमन असतो, आणि दोघांचे एकमेकांशी बहुधा जमत नाही. आमचे मत असे की, लेने दार ठोठावले नसते तर घरातली माणसे जागी झाली नसती. पण नुसत्या ठोठावण्याने दार उघडत नाही. आतून कडी काढणारा हात लागतो. क्वेकरांच्या सभेत तर मतदानच नाही. सर्वांचे मन वळेपर्यंत थांबावयाचे, अशी त्यांची रीत. अशा ठिकाणी बहुमताचा धाक चालत नाही. एकेका माणसाशी बोलावे लागते. वुलमनने ते बारा-पंधरा वर्षे केले.

१७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत विषय निकराला आला. उघड उघड गुलामगिरीची तरफदारी करणारे फारसे कोणी नव्हते. पण कित्येकांचे म्हणणे पडले की, घाई नको, देव यथाकाल मार्ग दाखवील. वुलमन बराच वेळ गप्प बसून होता. मग तो उठला. पिचलेल्यांचा आक्रोश देवाच्या कानी पोचला आहे, असे तो म्हणाला. काही लोकांचा स्वार्थ आणि आपले त्यांच्याशी असलेले स्नेहसंबंध यांच्याकडे पाहून आपण कर्तव्य पुढे ढकलले, तर देव आपल्याला भयंकर रीतीने उत्तर देईल. श्रोतेहो, सौम्य माणसाचे हे भाषण आहे! शब्दांत शिवी नाही, पण मवाळपणाही नाही. जो माणूस उगाच बोलत नाही आणि बोलतो ते स्वतः पाळतो, त्याच्या बोलण्याला असे वजन येते. सभेने ठराव केला : जो गुलामांची खरेदी-विक्री करील त्याला पंथाच्या कारभारात भाग घेता येणार नाही, आणि गुलाम बाळगणाऱ्या घरोघरी समितीने जाऊन समजूत घालावी. त्या समितीत वुलमन होता. ही बातमी म्हाताऱ्या लेच्या कानी गेली तेव्हा, आता मी सुखाने मरतो, असे तो म्हणाला अशी नोंद आहे. पुढच्याच वर्षी तो वारला.

घरोघरी जाणे हे काम सभेत बोलण्यापेक्षा अवघड असते, हे ज्यांनी वर्गणीसाठी चाळीचे जिने झिजविले आहेत त्यांना ठाऊक आहे. ओळखीच्या घरात बसून, त्यांचाच चहा पिऊन, तुमचे हे चुकते आहे असे सांगावयाचे. वुलमन वर्षानुवर्षे ते करीत राहिला. अखेर १७७६ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्याचीच बंदी केली. जो सोडणार नाही त्याला पंथ सोडावा लागेल असे ठरले. हे पाहण्यास वुलमन जिवंत नव्हता. त्याचाच मित्र अँथनी बेनेझेट, जो फिलाडेल्फियात काळ्या मुलांना शिकवीत असे, त्याच्या पुस्तिका समुद्रापार गेल्या. १७८७ साली लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जी बारा जणांची समिती बसली, तिच्यात नऊ जण क्वेकर होते. १८०७ साली ब्रिटिश पार्लमेंटने तो व्यापार बंद केला.

तथापि हिशेबाची दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हांला शोभणार नाही. १७४२ च्या सुमारास ते विक्रीखत लिहिले गेले तेव्हापासून १७७६ पर्यंत चौतीस वर्षे होतात. मालकांची मने हळूहळू वळत होती, त्या काळात गुलामांच्या पिढ्या राबत होत्या आणि मरत होत्या. क्वेकरांचा ठराव त्यांच्या पंथापुरताच होता. साऱ्या अमेरिकेतली गुलामगिरी संपली ती चार वर्षांच्या रक्तपातानंतर, १८६५ साली. गुलाम स्वतःही वाट पाहत बसले नव्हते. १७३९ साली दक्षिण कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी त्यांनी उठाव केला होता, आणि १७९१ साली हैतीत केलेल्या उठावाने तर त्यांनी आपले राज्यच मिळविले. मग या सौम्यतेने साधले काय, असे कोणी विचारील.

आमचे उत्तर असे. वुलमनने सौम्य राहण्याचा उपदेश कधी गुलामाला केला नाही. ती त्याने स्वतःवर घेतली, आणि मालकांशी वागताना वापरली. मळ्यावरचा उपदेशक गुलामाला नम्रता शिकवून मालकाचे काम करीत होता. हा शिंपी स्वतः नम्र राहून मालकाला त्याचे देणे दाखवीत होता. शब्द एकच, पण एकाने तो दुबळ्याच्या पाठीवर ठेवला, दुसऱ्याने स्वतःच्या. म्हणून सौम्यतेचा उपदेश आला की सांगतो कोण आणि कोणाला, हा आमचा प्रश्न आम्ही मागे घेत नाही. त्याचे उत्तर वुलमनसारखे असेल तर मात्र आम्ही उभे राहून ऐकतो.

रोजच्या व्यवहारातली सौम्यता म्हणजे काय, हे दाखविणारा एक प्रसंग १७६३ सालचा आहे. सरहद्दीवर मूळच्या इंडियन लोकांत आणि इंग्रजांत युद्ध पेटले असताना हा माणूस सस्क्वेहाना नदीकाठच्या त्यांच्या वस्तीकडे, त्यांच्याशी स्नेह जोडावा म्हणून, निघाला. वाटेत एक इंडियन उभा होता. जवळ येताच त्याने अंगावरच्या वस्त्राखालून कुऱ्हाड बाहेर काढली. वुलमन तसाच पुढे गेला आणि स्नेहाने बोलू लागला. पुढे दोघे सोबत बसले. वुलमनने नंतर लिहून ठेवले की, त्याने कुऱ्हाड काढली ती मारण्यासाठी नसावी. आपल्यावर हात उगारला गेला तर तयार असावे एवढ्याचसाठी असावी. समोरच्याच्या हातातल्या हत्यारामागे त्याची भीती दिसणे, ही फार मोठी गोष्ट आहे. नवरा-बायकोच्या भांडणात, सासू-सुनेच्या धुसफुशीत, मुकादम आणि मजूर यांच्या तंट्यात कितीदा तरी आपल्याला नुसती कुऱ्हाड दिसते.

१७७२ साली वुलमन इंग्लंडला गेला. जहाजातल्या नक्षीदार खोलीत बसणे त्याला रुचेना. खलाशांजवळच्या कोंदट जागेत त्याने पाच-सहा आठवडे काढले आणि त्यांच्या पोरवयाच्या उमेदवारांचे हाल पाहिले. इंग्लंडात तो पायी हिंडला, कारण डाकगाड्यांच्या घोड्यांना मरेपर्यंत पिटाळतात आणि गाडीवरची पोरे हिवाळ्यात थंडीने काकडून मरतात असे त्याने ऐकले होते. रोजनिशीत त्याने भाव टिपून ठेवले : मजुराला बऱ्याच परगण्यांत रोजी दहा पेन्स, आणि गव्हाला बुशेलमागे सुमारे आठ शिलिंग. शिलिंगाचे पेन्स बारा. बुशेल म्हणजे सुमारे २७ किलो. हिशेब केला तर तेवढ्या गव्हाला साडेनऊ दिवसांहून थोडी अधिक मजुरी लागे. महागाई भत्त्याच्या मागणीला आम्ही आजही हीच रीत वापरतो. प्रार्थनेसाठी निघालेला हा साधुपुरुष वाटेत धान्याचे भाव लिहून घेत होता, हे वाचल्यावर तो आम्हांला अगदी आपल्यातला वाटू लागला.

त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला यॉर्क येथे देवीच्या रोगाने तो वारला. वय बावन्नाच्या आत. रंगविलेले कापड मळ लपविते म्हणून गेली दहा वर्षे तो बिनरंगी कपडे वापरीत असे. गुलामांच्या श्रमातली साखर त्याने सोडली होती. मागे उरले ते एक घर, बाग, आणि एक रोजनिशी. ती १७७४ साली छापली गेली आणि आजही वाचली जाते.

मग त्याला वतन कोणते मिळाले? सात-बारावर चढेल असे काही मिळाले नाही. पण वतनाचा एक दुसरा अर्थही मराठीत आहे : आपले गाव, आपली माणसे. ज्या माउंट हॉलीत त्याने नकार दिला, त्या गावात तो शेवटपर्यंत नांदला. ज्या शेजाऱ्यांना नाही म्हटले, त्यांच्याच उशाशी बसला. ज्या मळेवाल्यांना देण्याची आठवण दिली, त्यांच्या घराची दारे त्याला बंद झाली नाहीत. गुलामाच्या हातावर नाणे ठेवताना आणि मालकाच्या डोळ्यांना डोळा देताना तो एकच माणूस होता. जोर करून जमीन घेता येते. त्या जमिनीवरची माणसे आपली होण्यास मात्र दुसरेच काहीतरी लागते. ज्या वतनाने माणसे बांधली जातात ते जावे हेच बरे, आणि आपल्याकडे ते गेलेही. ज्या वतनात माणूस माणसाला आपला म्हणून भेटतो, ते अजून मिळवावयाचे आहे. आमच्या संघटनेलाही, आणि या सभागृहालाही. त्यासाठी नकार देण्याची हिंमत आणि नकार देऊनही उशाशी बसण्याची माया, दोन्ही एकाच अंगी असावी लागतात, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.